टायटॅनियम इम्प्लांटचं सरफेस हार्डनिंग: नवीन असाल तर इथून सुरू करा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडचे बरेच वर्कशॉपवाले आता ऑर्थोच्या स्क्रू-प्लेटांकडे वळून राहिलेत. सीएनसी आहे, पोरं हुशार आहेत, इतके दिवस ठिबकच्या मोल्डचे इन्सर्ट नाहीतर पंपाचे शाफ्ट काढले, मग टायटॅनियमचा बार लावला की झालं असं वाटतं, आणि खरं सांगायचं तर पार्ट निघतोही. मग कस्टमरचा फोन येतो की भो, सरफेस हार्ड करून द्या, आणि तिथे गाडी अडते. कारण हार्डनिंग म्हटलं की आपल्या डोक्यात येतं लाल करा न तेलात बुडवा, नाहीतर इंडक्शन मारा. टायटॅनियमला यातलं काही लागू पडत नाही. स्टीलमध्ये कार्बन असतो म्हणून ते खेळ चालतात, टायटॅनियमला वरचा थर कडक करायचा तर नायट्रोजन किंवा ऑक्सिजन आत मुरवावा लागतो, नाहीतर वरून वेगळाच कडक थर चढवावा लागतो. मुख्य रस्ते हे दोनच.

माझं मत आधीच सांगून टाकतो: इम्प्लांटच्या बऱ्याच पार्टना हार्डनिंग लागतच नाही, आणि काहींना केलं तर पार्ट आधीपेक्षा कमजोर होतो. म्हणून भट्टीचं कोटेशन शेवटी मागवा.

पायरी १: हातातला माल ओळखा

बाजारात ग्रेड ५ म्हणून मिळतं ते आणि इम्प्लांटचं टायटॅनियम एकच धरू नका. इम्प्लांटला बहुतेक वेळा लागतं ते ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमवालं ईएलआय (आत मुरलेला ऑक्सिजन वगैरे मुद्दाम कमी ठेवलेलं), म्हणजे ग्रेड २३, स्टँडर्ड एएसटीएम एफ१३६. यात ऑक्सिजन ०.१३ टक्क्याच्या आत न हायड्रोजन ०.०१२ टक्क्याच्या आत पाहिजे. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक प्रोसेसमध्ये हेच आडवे येतात. प्युअर टायटॅनियम एफ६७ मध्ये येतं, व्हॅनेडियमऐवजी नायोबियमवालं एफ१२९५ मध्ये. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर बारवरच्या नंबरशी जुळवून घ्या, ड्रॉइंगवर काय लिहिलंय ते बघा न पुढे चला.

ईएलआयची हार्डनेस साधारण ३३० ते ३५० विकर्स (हिऱ्याचा ठसा मारून मोजतात तो आकडा), रॉकवेलमध्ये ३५ च्या आसपास. म्हणजे तसं काही मऊ नाही, पण घासायला लागलं की फार वाईट वागतं. त्याच्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइड असतो, शरीरात ते गंजत नाही ते त्याच्यामुळेच, पण धातूवर धातू दाबून सरकला की तो ऑक्साइड फुटतो न खालचं ताजं टायटॅनियम समोरच्याला चिकटतं, ओरबाडतं, याला गॉलिंग म्हणतात. १९७० आणि ८० च्या दशकांत खुब्याच्या सांध्याचे गोळे टायटॅनियमचे केलेले होते, ते घासून घासून आजूबाजूचं मांस काळं पडलेलं ऑपरेशनमध्ये दिसायचं. आजही त्या गोळ्याला कोबाल्ट-क्रोम किंवा सिरॅमिकच वापरतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी हार्ड केलेला टायटॅनियमचा हिप बॉल काढू असलं स्वप्न कोणी बघत असेल तर राहू द्या.

पायरी २: पार्टवर मार्करने खुणा करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच न सगळे हीच गाळतात. एक पार्ट हातात घ्या, तीन रंगांचे मार्कर घ्या. कुठे घासतं तिथे लाल, कुठे हाड धरतं तिथे निळा, कुठे वाकतं तिथे हिरवा.

निळ्या जागेला हात लावू नका. हाडाला खरबरीत टायटॅनियम आवडतं, म्हणून तिथे ब्लास्टिंग करतात, सच्छिद्र थर देतात, हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडात असतं तसलं खनिज) मारतात. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला दाताचे इम्प्लांट बसवले ते साध्या टायटॅनियमचेच होते न हाडाने ते धरले. तिथे कडकपणा वाढवून मिळणार काय?

हिरवी जागा म्हणजे प्लेटचं भोक, नेलचा (हाडाच्या पोकळीत घालायचा दांडा) मधला भाग, स्टेमची (खुब्याच्या गोळ्याखालची हाडात बसणारी खुंटी) मान. चालणाऱ्या माणसाचा एक पाय वर्षाला साधारण १० लाख पावलं टाकतो असं धरतात, तेवढ्या वेळा ती जागा वाकते न सरळ होते. फॅटिगचा, म्हणजे वारंवार वाकून येणारा, क्रॅक बहुतेक वरच्या कातडीपासूनच सुरू होतो. आता त्या कातडीलाच तुम्ही ठिसूळ करून ठेवलं तर? पाऊस पडून उन्हात सुकलेल्या काळ्या जमिनीवर खपली धरते ना, वरून टणक दिसते न पाय दिला की खालचं भुसभुशीत दबतं न खपली तडकते, मऊ बेसवरच्या पातळ कडक थराचं तसंच होतं. जमिनीचं ठीक आहे, इथे ती तड खाली धातूत उतरते.

राहिली लाल जागा. ट्रॉमाच्या मालात ती बहुतेक लॉकिंग स्क्रूच्या डोक्यावरचे थ्रेड न प्लेटच्या भोकातले थ्रेड इथे असते. दोन्ही टायटॅनियम, जोरात कसलेले, मग दीड-दोन वर्षांनी काढायला गेलं की स्क्रू प्लेटला असा चिकटलेला असतो की डोक्याचा षटकोन गोल होऊन जातो न सर्जनला ड्रिल मारून डोकं उडवावं लागतं. मोठ्या सांध्यांत स्टेम न गोळ्याचा टेपर जोड बारीक हलून हलून झिजतो, ती दुसरी लाल जागा. सर्जनच्या हातातली हत्यारं ही तिसरी, न नवख्याने शिकायला सगळ्यात बरी, कारण ती शरीरात राहत नाहीत.

खुणा झाल्यावर लाल न हिरवं एकाच जागी आलं असेल तर थांबा न डिझाइनवाल्याशी बोला. स्वतःच्या मनाने काही करू नका.

पायरी ३: प्रोसेस निवडा

सुरुवात ॲनोडायझिंगपासून, कारण सगळ्यात जास्त गैरसमज यात. निळे, सोनेरी, हिरवे स्क्रू बघितले असतील. तो रंग डाय नाही, ऑक्साइडच्या जाडीमुळे उजेडाचा तो खेळ होतो. व्होल्टला साधारण २ नॅनोमीटर ऑक्साइड वाढतो, ३० व्होल्टच्या आसपास निळा, ५५-६० ला सोनेरी, ९० च्या पुढे हिरवट. ऑपरेशन थिएटरमध्ये साइज पटकन ओळखू यावा म्हणून हे करतात, याने हार्डनेस म्हणण्यासारखी काही वाढत नाही. कोणी रंगीत ॲनोडायझिंगला हार्डनिंग म्हणून विकत असेल तर त्याला नमस्कार करून निघा. याचाच एक भाऊ आहे, टाइप २ ॲनोडायझिंग, स्टँडर्ड एएमएस २४८८, अल्कधर्मी बाथमध्ये होतं न पार्ट मॅट राखाडी निघतो. हार्डनेसचा मोठा आकडा इथेही मिळत नाही पण गॉलिंग चांगलंच कमी होतं, तापमान वाढत नाही, साइज जवळपास तोच राहतो. लॉकिंग स्क्रू-प्लेटला माझी पहिली पसंती हीच. कस्टमर हार्ड करा म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा त्याला चिकटू नये एवढंच पाहिजे असतं, त्यामुळे आधी विचारा.

पुढचं पीव्हीडी, म्हणजे व्हॅक्यूममध्ये टायटॅनियम नायट्राइडचा थर चढवणं. २ ते ४ मायक्रॉन, हार्डनेस २००० विकर्सच्या वर, पार्ट साधारण २०० ते ४५० डिग्रीपर्यंत तापतो म्हणून आतलं मटेरियल बिघडत नाही. रंग अस्सल सोन्यासारखा, सराफ बाजारातून खिशात घालून नेला तर दोघं-तिघं थांबवतील. दाताच्या अबटमेंटवर (इम्प्लांट न कॅपमधला जोड), हत्यारांवर, काही गुडघ्यांच्या पार्टवर हे चालतं. दोष असा की थर पातळ न बेस मऊ, म्हणजे वरची काळ्या जमिनीची गोष्ट. सांध्यात बोन सिमेंटचा कण अडकला, त्यात एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून झिर्कोनिया नाहीतर बेरियम सल्फेट घातलेलं असतं, की थराला ओरखडा पडतो न मग सुटलेला तुकडाच सँडपेपरचं काम करतो. काढून आणलेल्या सांध्यांत असं थर घासून गेलेलं सापडलेलं आहे. डीएलसी म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा थर हा घर्षणाला भारी, पण निघून येण्याचं दुखणं त्यालाही आहेच, हत्यारांपुरता ठेवा.

एक हिशोब थ्रेडवाल्यांसाठी, ड्रॉइंग करतानाच करून ठेवा. ६० डिग्रीच्या थ्रेडवर थर चढला की पिच डायमीटर थराच्या जाडीच्या चौपट वाढतो. ३ मायक्रॉन मारले तर १२ मायक्रॉन. कोटिंग होऊन आल्यावर गेज जात नाही म्हणून बोंबलण्यापेक्षा आधीच तेवढं कमी काढा.

आता नायट्रायडिंग. स्टीलचं गॅस नायट्रायडिंग ५००-५७० डिग्रीला अमोनियात होतं, ती भट्टी वापरायचा मोह टाळा, अमोनिया फुटून हायड्रोजन निघतो न टायटॅनियम तो अधाशासारखा पितं न ठिसूळ होतं, ०.०१२ टक्के आठवतंय ना. टायटॅनियमला शुद्ध नायट्रोजन लागतो न तापमान बरंच वर, गॅसमध्ये साधारण ८०० ते ९५० डिग्री. वर काही मायक्रॉनचा सोनेरी नायट्राइड, त्याखाली नायट्रोजन मुरलेला जाड पट्टा, त्यामुळे हळूहळू कडक ते मऊ असा उतार मिळतो न खपलीचा त्रास पीव्हीडीपेक्षा कमी. पण एवढ्या तापात बारचं मूळ स्ट्रक्चर बदलतं, दाणा वाढतो, फॅटिग पडतो, पार्ट वाकतो, पॉलिश खरबरीत होतं. वाकणाऱ्या पार्टला हे मी सांगणार नाही. प्लाझ्मा नायट्रायडिंग जरा खालच्या तापमानाला होतं, साधारण ७०० पासून, तिथे हायड्रोजन मिसळतात का एवढं वेंडरला आवर्जून विचारा.

थर्मल ऑक्सिडेशन हा गरिबाचा पण हुशार रस्ता. ६०० ते ६५० डिग्रीला हवेत कित्येक तास ठेवायचं, वर एक-दोन मायक्रॉन रुटाइल ऑक्साइड न खाली ऑक्सिजन मुरलेला पट्टा. भट्टी साधी चालते, त्यामुळे आपल्याकडे लोकांना हे पटकन आवडतं, पण तापमान थोडं जास्त झालं की जाड ठिसूळ अल्फा केस (ऑक्सिजन जास्त मुरलेला थर) होतो न ऑक्साइडची सालपटं निघतात. भट्टीच्या प्रत्येक कोपऱ्यात थर्मोकपल लावून बघितल्याशिवाय पार्ट आत घालू नका. झिर्कोनियमवर हीच युक्ती फार छान जमते न त्याचे गुडघे-खुबे बाजारात आहेत, पण तो वेगळा धातू, त्याचे आकडे इथे लावू नका.

आयन इम्प्लांटेशनमध्ये नायट्रोजनचे आयन मशीनने धातूत घुसवतात, खोली जेमतेम ०.१ मायक्रॉनच्या आसपास, साइज बदलत नाही, थर नाही म्हणून सुटायचा प्रश्न नाही, मशीन महाग. माहिती असू द्या. शॉट पीनिंग हार्डनिंगमध्ये मोजू नका, ते फॅटिगसाठी आहे न त्यासाठी उत्तम, फक्त शॉट सिरॅमिकचा किंवा काचेचा, लोखंडाचा अजिबात नाही, नाहीतर पार्टवर गंजाचे ठिपके उगवतात.

पायरी ४: धुणं

इथे कंजूषी केली की वरचं सगळं पाण्यात. कूलंटचं तेल, बोटांचे ठसे, मार्किंगची शाई, सगळं निघालं पाहिजे. बोटाच्या घामात मीठ असतं न आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्रीत घाम काय कमी असतो, मिठाचा ठसा तसाच ठेवून पार्ट भट्टीत तापवला तर तिथूनच तड जाऊ शकते. ग्लोव्हज घाला, कापडाचे नाही, पावडर नसलेले नायट्राइलचे. क्लोरीनवाले सॉल्व्हेंट टायटॅनियमजवळ आणू नका. अल्कलाइन क्लीनर, अल्ट्रासॉनिक, डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याने दोनदा, मग गरम हवेत वाळवण. पावसाळ्यात वाळवण जास्त वेळ, आंधळ्या भोकांत पाणी राहतं न व्हॅक्यूम लवकर धरत नाही.

पिकलिंग (ॲसिडमध्ये बुडवून वरचा थर काढणं) करायचंच असेल तर नायट्रिक न हायड्रोफ्लोरिकचं प्रमाण किमान १० ला १ ठेवा, नायट्रिक कमी पडलं की हायड्रोजन आत जातो. आणि हायड्रोफ्लोरिकला घाबरा. बाकी ॲसिड लगेच भाजतं म्हणून माणूस हात काढतो, पातळ हायड्रोफ्लोरिक सुरुवातीला दुखत नाही न आत हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल टेबलावर दिसेल अशी ठेवल्याशिवाय बाटली उघडायची नाही. ज्याला हे शिकवलेलं नाही त्या पोराला त्या खोलीतच पाठवू नका.

जाता जाता, टायटॅनियमचा बारीक चुरा पेटतो न पेटल्यावर पाणी मारलं तर आणखी भडकतो. मशीनजवळ कोरडी वाळू न डी क्लासचं एक्स्टिंग्विशर ठेवा, चिप्सचे ढीग साठवू नका.

पायरी ५: कूपन

पार्ट पाठवायच्या आधी त्याच हीटच्या बारचे २५-३० मिलिमीटर व्यासाचे चकती तुकडे काढा, यांनाच कूपन म्हणतात, पार्टसारखंच फिनिश द्या न ते प्रत्येक बॅचसोबत जाऊ द्या. प्रोसेस करणारे वेंडर बहुतेक पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे. माल ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून जाणार, म्हणून स्क्रू एका पिशवीत खळखळत पाठवू नका, एकमेकांवर घासून थ्रेड खराब होतात, खाचा असलेला प्लास्टिकचा ट्रे करून घ्या.

वेंडरकडे प्रत्यक्ष जा. स्टीलचे न टायटॅनियमचे पार्ट एकाच चेंबरमध्ये घालतो का, गॅसची शुद्धता किती, पार्ट कशात अडकवतो, कोटिंग न लागलेली जागा कुठे राहणार, हे त्याच्या तोंडून ऐका. व्हॅक्यूम भट्टीवाल्याला म्हणा की आधी पॉलिश केलेलं एक कूपन नुसतं आर्गॉनमध्ये तापवून दाखव. चकचकीत पांढरं आलं तर ठीक, पिवळसर-निळं आलं तर कुठेतरी हवा घुसते आहे, पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही.

पायरी ६: मोजा, आणि बरोबर मोजा

सगळ्यात जास्त फसवाफसवी, बऱ्याचदा अजाणतेपणी, इथे होते. रिपोर्टवर "हार्डनेस ६०० विकर्स" लिहून येतं न कस्टमर म्हणतो टायटॅनियम नायट्राइड तर २००० पाहिजे. दोघंही खरं बोलत असतात. नियम असा की हिऱ्याचा ठसा थराच्या एक दशांशापेक्षा खोल जायला नको, न विकर्सच्या ठशाची खोली त्याच्या कर्णाच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी असते. आता थर ३ मायक्रॉनचा, म्हणजे परवानगी ०.३ मायक्रॉनची. १ किलोचं वजन लावलं तर २००० विकर्सच्या मटेरियलमध्येसुद्धा कर्ण ३० मायक्रॉन, खोली ४ च्या वर, म्हणजे हिरा थर फोडून खालच्या टायटॅनियममध्ये जाऊन बसला, आकडा दोघांची खिचडी. २५ ग्रॅमला कर्ण ५ च्या जरा आत, खोली ०.७. १० ग्रॅमलाही ०.४ च्या वर. म्हणून पातळ थराला नॅनोइंडेंटेशनच (फार बारीक वजनाने ठसा मारून मोजणं) लागतं न रॉकवेलचा आकडा तर कचऱ्यात टाका, १५० किलोखाली त्या थराला कोण विचारतं.

नायट्राइड किंवा ऑक्सिडेशन केलेलं कूपन मात्र कापून बघा, यात मजा आहे. कापा, बेकेलाइटमध्ये माउंट करा, कड गोल होऊ न देता पॉलिश करा, क्रोल्स रिएजंटने हलकं एच करा, त्यातही हायड्रोफ्लोरिक असतं हे विसरू नका. ५०० पट मोठं करून बघितलं की कडेला बारीक रेघ (नायट्राइड असेल तर सोनेरी), तिच्या खाली पांढराशुभ्र पट्टा न मग काळ्या-पांढऱ्या दाण्यांचा नेहमीचा भाग. पांढरा पट्टा सगळीकडे सारखा जाड आहे का ते बघा, कोपऱ्यात जास्त न खाचेत कमी असेल तर गॅस नीट फिरला नाही. मग १० ग्रॅमने कडेकडून आत ठसे मारत जा, एका रेषेत नाही तर तिरके, कारण आतल्या ३५० विकर्सच्या भागात ठशाचा कर्ण ७ मायक्रॉनच्या पुढे जातो न दोन ठशांत किमान अडीच कर्ण जागा सोडावी लागते.

थर चिकटलाय का बघायला रॉकवेलचा ठसा मारून कडेचे तडे बघायची पद्धत आहे, एचएफ१ ते एचएफ६ अशी प्रतवारी. पण ती कडक स्टीलच्या बेससाठी बसवलेली, टायटॅनियममध्ये बेस दबल्यामुळे गोल तडे पडतातच, ते बघून घाबरू नका, सालपट सुटलं का ते बघा न सोबत स्क्रॅच टेस्ट घ्या. बाकी हायड्रोजनची केमिकल टेस्ट, घासणाऱ्या जागेचं रफनेस, सांध्याच्या धातूच्या गोळ्याला ते ०.०५ मायक्रॉनच्या आत लागतं. न शेवटी तयार पार्टवर मेकॅनिकल टेस्ट, स्क्रूला एफ५४३, प्लेटला एफ३८२. हार्डनिंग केलेली न न केलेली अशा दोन्ही प्लेटा एकाच मशीनवर फॅटिगला लावा. हार्ड केलेली आधी तुटली तर हार्डनेसचा रिपोर्ट कितीही सुंदर असो, ती प्रोसेस रद्द.

पायरी ७: कागद

कंटाळवाणं आहे पण सुटका नाही. हाडांचे इम्प्लांट बहुतेक क्लास सी मध्ये येतात, मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ प्रमाणे त्याचं लायसन्स दिल्लीच्या सीडीएससीओकडून (केंद्राचं औषध नियंत्रण खातं), अर्ज एमडी-७, लायसन्स एमडी-९. ट्रायलचा थोडा माल करायला एमडी-१३ चं टेस्ट लायसन्स आधी लागतं. सोबत आयएसओ १३४८५ (क्वालिटी सिस्टमचं स्टँडर्ड) न थर शरीरात राहणार म्हणून आयएसओ १०९९३ प्रमाणे बायोकम्पॅटिबिलिटी, म्हणजे शरीराला चालतं का याची टेस्ट, तीही तयार पार्टची, नुसत्या बारची नाही.

सरफेस ट्रीटमेंट ही स्पेशल प्रोसेस धरली जाते, कारण तयार पार्ट न तोडता ती बरोबर झाली का कळत नाही. म्हणून वेंडरकडे आयक्यू, ओक्यू, पीक्यू (मशीन नीट बसवलं, नीट चालतं न दरवेळी तसाच माल देतं याची तपासणी) करून घ्या, तापमान, वेळ, प्रेशर, भट्टीत पार्टची जागा हे सगळं लेखी. लायसन्स मिळाल्यावर वेंडर स्वस्त मिळाला म्हणून गुपचूप बदलायचा नाही, प्रोसेस बदलल्याने क्वालिटीवर फरक पडत असेल तर तो मोठा बदल धरतात न आधी मंजुरी घ्यावी लागते. आणि प्रत्येक बॅचचं एक कूपन न कापता, लॉट नंबर टाकून, पार्ट जेवढी वर्षं शरीरात राहणार असं लेबलवर म्हणताय तेवढी तरी जपून ठेवा, तक्रार आली की ऑडिटर पहिल्यांदा तेच मागतो.